राखेची गल्ली

माझे भाऊजी लटारू कोरियाला जाऊन आले, याबद्दल गावात कोणाला शंका नव्हती. पदक होतं, लष्करी पेटी होती, आणि चौपन्न साली ते परतले तेव्हा आमच्या सावली गावच्या बाजारात लोकांनी त्यांना हार घातला होता. शंका होती ती ते तिथलं जे सांगत त्याची. आणि शंका घेणाऱ्यांचा म्होरक्या मी होतो, हे आधीच कबूल करून टाकतो. मी गावच्या शाळेचा मास्तर, आणि लटारूंची बायको मनकर्णा ही माझी थोरली बहीण. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात कोरिया माझ्या अंगठ्याएवढा दिसायचा, आणि तेवढ्यावर मला तिथलं सगळं कळतं असा माझा समज होता. शिकलेल्या माणसाला शहाणं करणं फार कठीण. भाऊजींना ते जमलं, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

भाऊजी आम्हां सगळ्यांसारखेच धान पिकवणारे, पण त्यांचा खरा हात कवेलूंवर, म्हणजे छपराच्या कौलांवर. आमच्याकडे वानरांची टोळी छपरावरून एकदा धावली की निम्मी कवेलू फुटतात. म्हणून दरवर्षी मृगाच्या आधी घर फेरावं लागतं. सगळी कवेलू उतरवायची, फुटकी टाकायची आणि एक उताणं, एक पालथं अशा ओळी पुन्हा लावत आढ्यापर्यंत न्यायच्या. भाऊजींनी फेरलेल्या घरात पाणी गळलं असं मी कधी ऐकलं नाही. मोठ्या लढाईच्या दिवसांत ते फौजेत गेले, पण बंदूक चालवायला नव्हे. दवाखान्याच्या तुकडीत जखमींचं स्ट्रेचर उचलायला गेले. तीच तुकडी पुढे कोरियात पाठवली गेली आणि भाऊजींचा मुक्काम तेगू नावाच्या शहरात पडला.

त्याआधीची एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. भाऊजींना गोकुळा नावाची धाकटी बहीण होती. मीही तिला पाहिलेलं. हसायला लागली की थांबायची नाही. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली, ऐन पुसाच्या, म्हणजे पौषाच्या थंडीत. आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवली, वारा लागू नये म्हणून खिडकीत गोणपाट कोंबलं. सुईण भागीरथाबाईंनी सांगितलं तसं भाऊजींनीच शेगडी भरून आत नेली आणि दार घट्ट लावून घेतलं. सकाळी दार उघडलं तेव्हा गोकुळाही गेली होती आणि बाळही. गावानं म्हटलं, बाहेरचं लागलं. कित्येक वर्षांनी फौजेच्या दवाखान्यात एका डॉक्टरानं बंद खोलीत निखाऱ्यांचा वायू माणसाला झोपेतच कसा मारतो ते समजावलं, तेव्हा भाऊजी उठून बाहेर गेले आणि त्या दिवशी जेवले नाहीत, असं त्यांनी मला पुढे सांगितलं.

तर तेगू. लढाई त्या शहराच्या तोंडाशी येऊन परत फिरली होती, त्यामुळे तिथली जुनी वस्ती शाबूत राहिली होती. पाय मोडलेल्या एका म्हाताऱ्याला दवाखान्यातून घरी पोचवायचं काम भाऊजींकडे आलं. स्ट्रेचरचं पुढचं टोक त्यांच्या हातात, मागचं दुसऱ्या जवानाकडे. गल्ली इतकी चिंचोळी की समोरून कोणी आलं तर भिंतीला चिकटून उभं राहायचं. दोन्ही बाजूंना मातीच्या भिंती, आणि भिंतींच्या वर, भाऊजींच्या डोळ्यांवर त्यांचाच विश्वास बसेना, कवेलू! काळी, जाड, पण एक उताणं आणि एक पालथं. छपरांच्या कडा नवरीच्या पदराच्या टोकासारख्या वर उचललेल्या. आणि त्या कवेलूंवर लाल मिरच्या वाळत घातलेल्या. भाऊजी म्हणत, क्षणभर वाटलं की सावलीतच उतरलो.

मग त्यांना दुसरं काही दिसलं. प्रत्येक घराच्या पायाशी, भिंतीला लागून, एक लहानसं भोक. त्यात जाळ. घराच्या दुसऱ्या अंगाला धुराडं. म्हणजे आग घराच्या खाली आणि माणसं वर, दारं गच्च लावलेली. आता फरशीखाली विस्तव आणि दार बंद, हे आमच्याकडच्या माणसानं पाहिलं तर त्याच्या डोक्यात एकच गोष्ट येणार. आत बाळंतीण आहे. पुढचं घर पाहिलं, तिथंही जाळ. त्याच्या पुढचं, तिथंही. भाऊजींनी मनाशी ठरवून टाकलं की लढाईत इतकी माणसं मेली, म्हणून देवानं या गल्लीत घरोघरी पाळणा हलवला आहे. आणि बाळंतिणीच्या खोलीत परक्या पुरुषानं पाऊल टाकायचं नसतं. त्यांनी म्हाताऱ्याला त्याच्याच उंबरठ्याशी, हाडं गोठवणाऱ्या थंडीत ठेवलं, दोन्ही हात जोडले आणि निघून आले. आतून लोक हाका मारत राहिले.

म्हाताऱ्याचं नाव किम. भाऊजी त्याला किमाजी म्हणायचे. तो किमाजी भलताच दुखावला. आपलं घर या परदेशी माणसाला पाय ठेवण्याजोगं वाटलं नाही, असं त्याला वाटलं. दुसऱ्या दिवशी पाय बांधायला भाऊजी गेले, ते पुन्हा उंबऱ्याबाहेरच. वर बरोबर पुडी. स्वयंपाक्याकडून मागून आणलेली सुंठ आणि साखर, बाळंतिणीसाठी. पुडी पुढे केली, हातांचा पाळणा करून हलवून दाखवला आणि आत बोट केलं. आतून कोण आलं? किमाजीची बायको, वय सत्तरीच्या पुढचं. तिनं पुडी पाहिली, पाळणा पाहिला, आणि काय समजायचं ते समजली. थोड्या वेळात सगळी गल्ली गोळा झाली आणि हसून हसून भिंती धरून उभी राहिली.

एकटा किमाजी हसला नाही. त्यानं भाऊजींना बूट काढायला लावले, मनगट धरून आत ओढलं आणि त्यांचा तळवा जमिनीवर दाबला. जमीन ऊन होती. भाकरी उतरवल्यावर तवा निवत येतो तेवढी. खोलीत शेगडी नव्हती, निखारा नव्हता, धुराचा वासही नव्हता. बाहेरच्या चुलीतली धग दगडी पाटांच्या खालून नाल्यानाल्यांतून जात होती आणि धूर पलीकडच्या धुराड्यातून निघून जात होता. भाऊजी तिथंच बसले आणि रडले. गल्लीला वाटलं, हसलो म्हणून पाहुणा रडला. त्यांना गोकुळा आठवली हे त्या लोकांना ते कोणत्या भाषेत सांगणार होते?

त्यानंतर सुटीच्या प्रत्येक दिवशी भाऊजी त्या गल्लीत. कुबडी घेतलेला किमाजी पुढे, भाऊजी मागे, घरोघर. हे घर आजोबाच्या आजोबांनी बांधलं, हे वैद्याचं, ही जागा जळून गेलेल्या घराची. खुणांनीच सांगायचा, पण पाय दुखला तरी एक घर चुकवायचा नाही. प्रत्येक ठिकाणी चुलीचं तोंड कुठं, नाल्या कशा फिरवल्या, धुराडं किती उंच, हे वाकून दाखवायचा. बदल्यात भाऊजी छपरावर चढायचे. लढाईच्या हादऱ्यांनी कवेलू सरकली होती आणि तरणी माणसं गावात नव्हती. माझ्या बहिणीच्या नवऱ्यानं त्या गल्लीतली सात घरं फेरून दिली. कोरियाच्या पावसाला सावलीच्या हातानं अडवलं, हे आज मी कॉलर ताठ करून सांगतो. तेव्हा मात्र मी म्हणालो होतो, भाऊजी, बर्फाच्या देशात कवेलू कुठून येणार, नकाशात तर तसं काही नाही.

ते माझ्याशी वाद घालत नसत. त्यांना घाई वेगळ्याच गोष्टीची होती. त्यांची एकुलती एक मुलगी रंभा पहिल्या बाळंतपणाला येणार होती, आणि तीही पुसातच.

दिवाळी झाली तशी भाऊजींनी घरामागची कोठी रिकामी केली आणि जमीन खणायला घेतली. नदीवरून चपटे दगड आणले. नाल्या केल्या, वर दगड बसवले, त्यावर माती आणि धानाच्या कोंड्याचा गिलावा. धुराड्यासाठी दोन-दोन कवेलू समोरासमोर लावून नळ्या केल्या. चूल बाहेर, भिंतीला लागून. पहिल्यांदा पेटवली तेव्हा मी मुद्दाम हजर होतो. सगळा धूर खोलीत. मी डोळे पुसत बाहेर आलो आणि म्हणालो, कोरिया आला बरं का. भाऊजींचं तोंड उतरलं. ते पाहून माझ्या बहिणीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी दोन दिवस तिच्याकडे जेवायला गेलो नाही.

गळती शोधून काढली ती मनकर्णाबाईनंच. दृष्ट काढताना चुलीत मिरच्या टाकतात, तशी तिनं बाहेरच्या चुलीत मूठभर सुक्या मिरच्या टाकल्या आणि खोलीत जमिनीशी नाक लावून रांगत फिरली. जिथं ठसका लागला तिथं फट. फट बुजवायची, पुन्हा मिरच्या, पुन्हा ठसका. पंधरा दिवस दोघा नवरा-बायकोंनी खोकत काढले. धुराडंही भाऊजींनी आणखी दोन हात उंच केलं. शेवटी एके दिवशी ती आत बसून राहिली आणि तिला काहीच झालं नाही.

पण खोली झाली म्हणून भागत नव्हतं. बाळंतपण भागीरथाबाईंच्या हातात. पंचक्रोशीतली अर्धी माणसं त्यांच्या हातावर जन्मलेली, मीसुद्धा. त्यांचा शब्द म्हणजे शब्द. रंभा माहेरी आली, तिला पाहायला बाई आल्या आणि खोलीचं ऐकून सरळ म्हणाल्या की शेगडी बाजेखालीच राहील, दार बंदच राहील, नाहीतर दुसरी सुईण पाहा. दुसरी सुईण चार कोसांत नव्हती. जमिनीखाली आग म्हणजे चितेवर निजवणं, असंही म्हणाल्या. गावातल्या बायकांनी माना डोलावल्या. रंभा कोपऱ्यात बसून रडायला लागली. तिला आत्याचं सगळं ठाऊक होतं.

भाऊजी ओरडले नाहीत. त्यांनी एवढंच म्हटलं की बाई, उद्या दुपारी या, सगळ्या बायकांना घेऊन या, तुम्हाला किमाजीच्या गल्लीतून फिरवून आणतो. मग तुम्ही म्हणाल तसं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पाहतो तर घरामागच्या खळ्यावर सगळीकडे राखेच्या रेघा. मळणी होऊन खळं मोकळं झालं होतं, सारवलेलं होतं. त्यावर भाऊजींनी रांगोळीसारखी राख सोडून अख्खी गल्ली काढली होती. वळणं, अंगणं, खोल्या, चुली. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. मीही हसायलाच आलो होतो.

भाऊजी पुढे झाले. हातात काठी, ती किमाजीसारखी टेकत. पहिल्या घराशी थांबून त्यांनी सगळ्यांना वाकायला लावलं, कारण तिथली दारं बुटकी. आणि खरंच, रेघेवरून जाताना बायका वाकल्या. इथं अंगण, इथं पायताण काढायचं, तिथं पायताणानं घरात कोणी जात नाही. बायकांना ते पटलं. इथं मोठमोठी मडकी, त्यात मिरची लावून मुरवलेला पाला, हिवाळाभर पुरतो. म्हणजे लोणचंच की, कोणीतरी म्हणालं. इथं वैद्याचं घर. इथून आडवं होऊन चाला, गल्ली अरुंद आहे. चाळीस बायका रिकाम्या खळ्यावर एका रांगेत आडव्या होऊन चालताना मी पाहिल्या. काय सांगू, मलाही दोन्ही बाजूंना भिंती वाटायला लागल्या.

तिसऱ्या घराशी ते थांबले. इथं आपण कसे मूर्ख बनलो ते त्यांनी सांगितलं, सुंठीच्या पुडीसकट. बायका हसल्या, भागीरथाबाईसुद्धा हसल्या. मग भाऊजी म्हणाले,

"बाई, याच घरात मी रडलो. मले गोकुळा आठवली. शेगडी मी भरली होती, दार मी लावलं होतं. वीस वर्सं झाली, मी कोनाले बोललो नाई."

भागीरथाबाई राखेच्या त्या रेघेकडे पाहत उभ्या राहिल्या.

"दार लावाले मी सांगतलं होतं," त्या म्हणाल्या. "तू काऊन आपल्या अंगावर घेतं?"

त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि काठीसाठी हात पुढे केला. भाऊजींनी काठी दिली. पुढची राखेची रेघ खळ्यावरून थेट कोठीच्या दारापर्यंत गेली होती. गल्लीतलं शेवटचं घर ते. बाई तिथवर चालत गेल्या, दारात वाकल्या, मग वळून मिरच्या मागितल्या. मनकर्णाबाईच्या युक्तीची बातमी त्यांच्यापर्यंत पोचलेली होती. मिरच्या त्यांनी स्वतःच्या हातानं चुलीत टाकल्या, एक नाही, तीन मुठी.

"मी आत बसतो. दार लावा. एक जरी ठसका लागला, तं शेगडी येईन बाजेखाली. मंग कोनी बोलाचं नाई," बाई म्हणाल्या.

दार लागलं. आम्ही सगळे अंगणात. भाऊजी धुराड्याकडे पाहत उभे होते आणि त्यांचे ओठ पांढरे पडले होते. तीन मुठींचा अंदाज कोणी घेतलेला नव्हता. आतून काही आवाज येईना. एक म्हातारी पुटपुटली की ठसका नाही म्हणजे दृष्टच असणार, दृष्ट असली की मिरच्यांना वासच येत नाही. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत वारा फिरला आणि धुराड्यातला धूर खाली अंगणात उतरला. मग काय विचारता. चाळीस बायका, मी आणि दोन बैल, सगळे खोकायला लागलो. डोळ्यांतून धारा. माझा चष्मा पडला. ती म्हातारी तर तुळशीच्या कट्ट्यावर बसून शिंकत राहिली.

दार अजून बंदच. खोकल्यातून भानावर आल्यावर भाऊजींच्या मनात काय आलं ते त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. बंद दार आणि आत शांतता, ही सकाळ त्यांनी आधी एकदा पाहिली होती. ते धावत गेले आणि दार ढकललं.

भागीरथाबाई जमिनीवर पसरून निजल्या होत्या. घोरत होत्या. भाऊजींनी हलवलं तशा त्या डोळे चोळत उठल्या, गुडघ्यांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या,

"कितीक वर्सांनी गुडघे दुखले नाई, बापू. रंभीले घेऊन ये इथी. शेगडी नाई लागत."

रंभाला पुसात मुलगी झाली. बाहेर गवतावर दहिवर गोठत होतं आणि आत माझी भाची ऊन जमिनीवर बाळाला घेऊन निजली होती. खिडकी उघडी होती. भाऊजी रोज पहाटे उठून चुलीत लाकूड सारायचे, धुराड्याकडे पाहायचे, मग खिडकीतून दोघींचा श्वास ऐकायचे. बारसं झालं त्या दिवशी ते कवेलूंवर चढून बसले आणि उतरेनात. मी वर हाक मारली तर म्हणाले, वानरांनी दोन फोडली आहेत. एकही फुटलं नव्हतं.

पुढल्या हिवाळ्यात शेजारच्या गावातल्या बायका ती खोली पाहायला आल्या. त्यांच्यातली एक पोटुशी होती. भाऊजी शेजारच्या घराच्या छपरावर होते, मी त्यांना खालून कवेलू देत होतो. खळ्यावर पुन्हा राखेची गल्ली काढलेली होती, पण काठी घेऊन पुढे चालत होत्या भागीरथाबाई. वाका, दार बुटकं आहे. पायताण काढा. इथं वैद्याचं घर. वळणं त्या निम्मी चुकवत होत्या. मडकी वैद्याच्या अंगणात नेली, आणि किमाजीला चार मुलं दिली जी त्याला कधीच नव्हती. मास्तरकीची खोड, मी दुरुस्त करायला तोंड उघडलं. भाऊजींनी वरून बोट ओठांवर ठेवलं.

बाई शेवटच्या घराशी पोचल्या. त्या दिवस भरत आलेल्या पोरीचा हात धरून त्यांनी तिला वाकवलं आणि तिचा तळवा जमिनीवर दाबला.

"भेवाचं नाई, बाई," त्या म्हणाल्या. "हे गोकुळाची खोली होय."

खळ्यावरचा तो एक दिवस सोडला तर ते नाव त्या घरात वीस वर्षांत कोणी मोठ्यानं घेतलं नव्हतं. मी वर पाहिलं. भाऊजींनी हातातलं कवेलू जपून जागेवर बसवलं, एक उताणं, त्यावर एक पालथं, आणि पुढच्यासाठी खाली हात केला.